झिपरू ड्रायव्हरचा मान

आमच्या नशिराबादेत मोठ्या माणसांची कधी वाण पडली नाही. स्वराज्य आलं त्या साली तर दर गल्लीत दोन-दोन पुढारी निघाले होते. पण या सगळ्यांपेक्षा मोठा माणूस म्हणजे झिपरू ड्रायव्हर. पुढारी नुसते बोलायचे, झिपरू निदान जळगावला नेऊन सोडायचा. मी रुपचंद शिंपी. हमरस्त्याला लागून माझं दुकान, आणि मशीन रस्त्याकडे तोंड करून मांडलेलं. त्यामुळे या माणसाची सगळी कारकीर्द मी बसल्या जागेवरून पाहिली, आणि शेवटी नको तिथं हातही लावला.

झिपरू मूळचा गाडीवान. कपाशीच्या दिवसांत लोकांची कपाशी बैलगाडीत भरायची आणि जळगावच्या जिनात नेऊन टाकायची, हा त्याचा धंदा. जाताना भरलेल्या गाडीवर जागा असायचा. येताना रिकाम्या गाडीत गोणपाट अंथरून तंगड्या पसरायचा. बैल आपले चालत चालत गावात यायचे, त्याच्या दारापुढे उभे राहायचे, आणि त्याची बायको शेवंताबाई बाहेर येऊन त्याला हलवून उठवायची. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं, कारण सगळेच गाडीवान तसे यायचे. बैलाला रस्ता पाठ असतो. समोरून दुसरी गाडी आली तर दोन्हीकडचे बैल आपापल्या अकलेनं बाजूला होतात. वीस वर्षं हा कित्ता गिरवल्यावर झिपरूची खात्री झाली, की गाडी हाकणाऱ्यानं रस्त्याकडे बघायलाच पाहिजे असं काही नाही. एवढी विद्या घेऊन तो मोटारीवर गेला.

एकोणपन्नास साली जळगावच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं लिलावात लष्करी लॉरी घेतली. लढाईत तिचे हाल झाले होते. बाकीचे आम्ही करणार होतो. नासीर मिस्त्री म्हणून जळगावला एक मोटारी दुरुस्त करणारा होता, त्यानं झिपरूला तीन महिन्यांत गाडी शिकवली. नासीर शहाणा माणूस. तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "झिपरूभाऊ, हिला बैल नाहीत. म्हणजे हिला डोळेही नाहीत. डोळे तुमचेच लागतील." झिपरूनं हो हो म्हटलं. मग लायसन मिळालं, ते त्यानं फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायचा. त्यात काय लिहिलंय ते वाचायची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

खाकी ड्रेस मीच शिवला. सरकारी माणसाला दोन खिसे असतात, झिपरूला चार पाहिजे होते. चार लावून दिले. त्या दिवसापासून गाव त्याच्यापुढे जे झुकलं ते काही विचारू नका. लॉरी कपाशीची, तिच्यात माणसं बसवायला कायद्यानं बंदी. पण लग्नसराईत आमच्याकडची वऱ्हाडं तिच्यातूनच जायची. साठ-सत्तर माणसं, भांडी, गाद्या, वाजंत्री, सगळं मागे कोंबायचं आणि कोणी अडवलं तर सामान आहे म्हणून सांगायचं. ज्याच्या हातात सत्तर जीव, त्याला सोयऱ्यांनी मान द्यायचा, असा रिवाज आपोआपच पडला. टॉवेल, टोपी, नारळ आणि पितळी तांब्यात 'ताक'. दारूबंदी आल्यापासून आमच्या जिल्ह्यात दारू कोणी पीतच नव्हतं, सगळे ताक प्यायचे. मोहाचं ताक. ते पिऊन लोक गटारात पडायचे, तेवढाच काय तो फरक.

झिपरूच्या कला तीन, आणि तिन्ही बघायला लोक पुढच्या सीटसाठी भांडायचे.

पहिली तंबाखूची. तंबाखू मळायला दोन तळहात लागतात, त्याला इलाज नाही. मग झिपरू चाक दोन गुडघ्यांत धरायचा, डबी उघडायचा, चुना लावायचा, निवांत मळायचा, टाळी मारून भुकटी उडवायचा, आणि शेजारच्याला चिमूट देऊन मग स्वतः तोंडात टाकायचा. लॉरी तोवर गुडघ्यांवर. "पाय आहेत का हात!" असं माझ्या दुकानात बसून लोक कौतुकानं बोलायचे, आणि मीही बोललोय.

दुसरी कला बोलण्याची. आमच्याकडे मोठ्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या तोंडाकडे बघून बोलावं लागतं. दुसरीकडे बघून उत्तर दिलं तर शेफारला म्हणतात. आता मोठी माणसं बसायची मागे, फळीच्या खिडकीतून विचारायची, "काय झिपरू, यंदा कपाशी कशी?" झिपरू अख्खा वळून, खांदा फिरवून, कपाशी कशी ते सांगायचा. बी-बियाण्यापासून सांगायचा. रस्ता वाट बघत थांबायचा बिचारा.

तिसरी रामरामाची, आणि या कलेचा गुरू सगळा गावच. सुरुवातीला झिपरू एका हातानं रामराम करायचा. दुसरा चाकावर. झालं, लोकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जीवराम नाना हे आमच्याकडचे मोठे शेतकरी, स्वतःची बैलांची दमणी घेऊन फिरायचे. ते माझ्या दुकानी येऊन म्हणाले, "रुपचंद, ह्या झिपऱ्याले सांग, एका हातानं रामराम भिकाऱ्याले करतात." मी सांगितलं. अशा कामात मी पहिल्यापासून पुढे. तेव्हापासून झिपरू चाक सोडून दोन्ही हात जोडायचा, कपाळाला लावायचा, आणि वर मानही वाकवायचा. समोरचा खूश, आम्ही खूश. लॉरी तेवढा वेळ मोकळी.

हे चार वर्षं चाललं. त्रेपन्न सालच्या पौषात जळगावहून येताना झिपरू गुडघ्यांवर चाक धरून तंबाखू मळत होता. समोरून कौतिकची कडब्याची गाडी येत होती. कौतिक आत झोपलेला, म्हणजे झिपरूचाच जुना संप्रदाय. त्याचे बैल नेहमीसारखे अर्ध्या रस्त्यानं बाजूला झाले, उरलेला अर्धा समोरच्यानं सोडायचा या हिशेबानं. समोरच्याला डोळे नव्हते. डावा बैल जागेवर गेला. कौतिक कडब्यातून डोळे चोळत उठला आणि म्हणाला, "घर आलं का?"

गावचे पंच बसले. मी त्यांत होतो. दोन तास बोलून आम्ही असा निकाल दिला, की चूक बैलाची. रस्ता सोडायचा तर पुरा सोडायला पाहिजे होता. झिपरूनं कौतिकला आपला एक बैल द्यावा आणि विषय मिटवावा. आम्ही निकाल देत होतो तेव्हा झिपरू तिकडे रस्त्यात मेलेल्या बैलाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याला आम्ही तीनदा हाक मारली, तो आला नाही.

निकाल देऊन आम्ही रस्त्यावर गेलो, तेवढ्यात शेवंताबाई तिथं आली. बाई कमी बोलणारी, उंच, काळीसावळी, दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी. तिनं सगळ्यांच्या देखत त्याचा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. "आज बैल गेला. उद्या मानूस जाईन," ती म्हणाली. "चाकावरचा हात काढायचा नही. रस्त्यावरची नजर काढायची नही. आन लॉरी घरी येईपर्यंत थेंब तोंडात घ्यायचा नही. माह्या कुंकवाची आन हाये तुमाले." झिपरूनं मान हलवली. आम्ही आपसात डोळे मिचकावले. गावात अशा आणा सकाळ-संध्याकाळ घेतल्या जातात.

पण या माणसानं ती पाळली हो. तीन वर्षं पाळली, आणि गावाला अगदी नकोसं करून सोडलं. तंबाखू मळायची तर लॉरी थांबवायचा. मागून कोणी कपाशीचं विचारलं तर रस्त्याकडे बघतच उत्तर द्यायचा. मोठा माणूस दिसला, की लॉरी कडेला घ्यायचा, खाली उतरायचा, दोन्ही हातांनी रामराम घालायचा, परत चढायचा. जळगाव साडेपाच मैल. एकादशीच्या दिवशी, सगळी म्हातारी माणसं रस्त्यावर असली म्हणजे, जळगाव गाठायला दुपार व्हायची. लोक कावले. मग त्यानं उतरणं बंद केलं आणि नुसती मान हलवायला लागला. तर जीवराम नाना म्हणाले, "रेड्यासारखी मान हलवतो. फार माजला." त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. लग्नाचं ताकही झिपरू घेईना, म्हणून सोयऱ्यांना राग. वऱ्हाडवाले दुसऱ्या लॉऱ्या बघायला लागले. तिकडचे ड्रायव्हर कसे रीतभात पाळणारे होते, सगळं घ्यायचे, सगळं करायचे. त्यांतली एक एरंडोलच्या पुढं नाल्यात गेली, तरी त्या ड्रायव्हरच्या मोकळ्या स्वभावाचं कौतुक काही कमी झालं नाही.

छप्पन सालच्या वैशाखात माझ्या मुलाचं, भटूचं लग्न धुळ्याला ठरलं. मी दुसरी लॉरी सांगणार होतो. पण माझी थोरली बहीण सुगंधाअक्का अडून बसली. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा, अक्का बारा वर्षांची. तिनंच मला वाढवलं, पुढं विधवा होऊन माझ्याकडे आली ती माझ्या घराची मालकीण होऊनच. ती म्हणाली, "झिपरू असंल तं मी येते. बाकी कोनाच्या मोटारीत बसाची नही." तिला मोटार लागायची आणि भीतीही वाटायची. पण झिपरूनं घेतलेली आण तिला ठाऊक होती, आणि तिचा त्या आणेवर विश्वास होता. मी झिपरूला सांगितलं. जाताना तो असा घेऊन गेला, की अक्काला एकदाही उलटी झाली नाही.

धुळ्याला लग्न छान लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मानपान. व्याही गिरधर शिंपी, मोठा हौशी माणूस. मामाचा मान, काकाचा मान, आत्याचा मान, वाजंत्रीवाल्याचाही मान झाला. मग त्यानं झिपरूला पाटावर बसवलं, टॉवेल-टोपी दिली आणि तांब्या पुढे केला. झिपरूनं हात जोडले. "मी घेत नही, दादा." गिरधर हसला, परत तांब्या पुढे केला. झिपरूनं परत हात जोडले. तिसऱ्या वेळी गिरधरचा चेहरा उतरला आणि मांडवात कुजबुज सुरू झाली.

"हाऊ आमना मान शे," गिरधर मला म्हणाला. "बठ्ठासना मान व्हयना, ड्रायव्हरना राही गया. म्हणजे आमनं पाणीबी तुमले चालत नही, असंच ना?"

आता बघा. पोरगी त्यांनी दिली होती, ती आमच्या दारात यायची होती, आणि एका तांब्यापायी व्याह्याचं तोंड वाकडं झालं. शहाणा माणूस काय करतो? म्हणतो, दादा, याला सत्तर माणसं घेऊन जायचंय, राहू द्या. एवढंच वाक्य होतं. मला ते सुचलंही होतं. पण चारचौघांत व्याह्याचा शब्द खाली पडला तर माझी काय शोभा राहणार? मी झिपरूच्या जवळ बसलो आणि हळूच म्हणालो, "घे रे. एवढं माझ्यासाठी."

"भाऊ, शेवंतीले मी शब्द देल हाये," तो म्हणाला.

"शेवंता इथं आहे का? माझी इज्जत जातेय इथं. घे म्हणतो ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या दुकानाच्या ओट्यावर पंधरा वर्षं बसलेला माणूस. मग त्यानं तांब्या घेतला, पण ओठाला लावेना. मी त्याच्या हाताला खालून हात लावला आणि तांब्या वर केला. मांडवात लोकांनी टाळ्या वाजवल्या, गिरधरनं त्याला मिठी मारली, सगळं पुन्हा आनंदीआनंद झालं. एकदा तोंड लागल्यावर दुसरा तांब्या आला, तिसरा आला. अक्का बायकांत होती. तिला कोणीतरी सांगितलं तशी ती येऊन मला म्हणाली, "रुपचंद, आज मुक्काम करू. त्याले झोपू दे." मी म्हटलं, अक्का, गावात वाजंत्री येऊन उभी राहणार, दिवस मावळायच्या आत नवरी वेशीत पाहिजे. तुला यातलं काय कळतं?

बारा वाजता निघालो. पुढं झिपरू, मधे मी, आणि मोटार लागते म्हणून खिडकीशी अक्का. मागे नवरानवरी आणि बाकीचं सामान. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. झिपरू पारोळ्यापर्यंत गाणं म्हणत गेला, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं. तीन वर्षांनी जुना झिपरू परत आला होता. मागून कोणी काही विचारलं की अख्खा वळून उत्तर द्यायचा. गुडघ्यांवर चाक धरून त्यानं तंबाखू मळली, मला चिमूट दिली, मी ती घेतली. एरंडोलला पाणी घालायला थांबलो, तेव्हा त्याचे डोळे तांबडे झाले होते. अक्का खाली उतरून त्याच्यापाशी गेली. "झिपरू, बापा, झाडाखाली घडीभर पड," असं ती त्याला म्हणाली. तो पडायला तयार होता. चिंचेखाली टॉवेलही अंथरला होता त्यानं. मी म्हटलं, आता पडलास तर रात्री उठशील, चल. तो टॉवेल झटकून उठला.

जळगाव मागे पडलं. पाच वाजत आले होते, ऊन पाठीशी होतं, रस्ता सरळ आणि मोकळा. गावापासून मैलभरावर एक लहान पूल आहे. तिथं समोरून जीवराम नानांची दमणी येताना दिसली. नाना लग्नाला आले नव्हते. ते मला आत्ता, माझ्या सुनेला घेऊन येताना, वाटेत भेटत होते. मी झिपरूला कोपर मारलं. "नाना आहेत. आज तरी नीट रामराम घाल."

झिपरूनं नीट रामराम घातला. दोन्ही हात चाकावरून काढले, जोडले, कपाळाला लावले आणि मान वाकवली. त्याच्याबरोबर मीही जोडले. नानांचा चेहरा खुलला, त्यांनी दमणीतून हात वर केला. तीन वर्षांचा राग गेला, असं माझ्या मनात आलं, मला बरं वाटलं. झिपरूची मान खालीच होती. दारू प्यायलेल्या माणसाची मान लवकर वर येत नाही.

लॉरी डावीकडे कठड्यावर गेली आणि कठड्यासकट खाली नाल्यात. नाला कोरडा होता, वाळू होती, म्हणून मागची माणसं वाचली. कोणाचा हात, कोणाचा पाय. सुनेचा चुडा भरलेला हात दोन ठिकाणी मोडला. डावी बाजू खाली आली होती, आणि डाव्या खिडकीशी अक्का होती. मला फारसं लागलं नाही, कारण मी तिच्या अंगावर पडलो. मी बाजूला झालो तेव्हा ती गेलेली होती. तिच्या मांडीवर सुनेसाठी जपून आणलेली खणा-नारळांची पिशवी तशीच होती.

फौजदार आला. मी वाळूत बसलो होतो, अक्काचं डोकं मांडीवर होतं. त्यानं विचारलं, कसं झालं? आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "ड्रायव्हर प्यायलेला होता, साहेब." मागून पाच-सहा जणांनी दुजोरा दिला. ज्यांनी तांब्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या, तेच ते. सज्जन माणसं सगळी.

जळगावला कोर्टात खटला चालला. दारूबंदीचे दिवस, तेव्हा दारू कुणी दिली हा प्रश्न आलाच. न्यायाधीशांनी झिपरूला विचारलं. तो म्हणाला, "माही मीच नेल व्हती." मग मला पिंजऱ्यात उभं केलं आणि हाच प्रश्न विचारला. मी गीतेवर हात ठेवून सांगितलं, मला माहीत नाही. आवाज अगदी स्वच्छ आला. झिपरूला दोन वर्षं सक्तमजुरी झाली आणि लायसन कायमचं गेलं. शेवंताबाई कोर्टाच्या दारात उभी होती. माही मीच नेल व्हती, हे तिनं त्याच्या तोंडून ऐकलं आणि तशीच पायी नशिराबादला निघून गेली.

दिवाळसणाला भटूला घेऊन धुळ्याला गेलो, तेव्हा तिथल्या तुरुंगात झिपरूला भेटलो. चार खिशांच्या जागी कैद्याची बंडी. मला वाटलं होतं शिव्या देईल. तो म्हणाला, "पोरीचा नवा संसार, भाऊ. त्यात बाप आन सासरा दोन्ही आत गेले असते. म्हनून बोललो नही." मग गजांजवळ सरकला. "शेवंती एक डावबी आली नही. तिले वाटते, मी मनानं आन मोडली, बाटली घरूनच नेली. तुम्ही तिले सांगा. कोर्टाले नका सांगू, गावाले नका सांगू. तिले एकटीले सांगा, मंग ती येईन."

मी म्हटलं, आजच सांगतो.

आणि मी गेलोही हो. मी काय शब्द मोडणारा माणूस आहे? संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. पण शेजारची बाई जात्यावर होती. पुढच्या महिन्यात गेलो तर ती निंदणीहून दमून आलेली, दमलेल्या बाईला कसं सांगणार? मग एकदा अमावस्या होती. मग माझीच तब्येत बरी नव्हती. मग वाटलं, बाईच्या पोटात राहिलं नाही तर फौजदार परत दारात. दोन वर्षं मी दर दीड-दोन महिन्यांनी जायचो, खुशाली विचारायचो, चहा घ्यायचो आणि उठून यायचो. गावात लोक म्हणायचे, रुपचंदची बहीण गेली त्या माणसापायी, तरी त्याच्या बायकोची विचारपूस करतो, केवढं मन. मी ऐकून घ्यायचो.

अठ्ठावन्न साली झिपरू सुटून आला. शेवंताबाईनं त्याला घरात घेतलं, जेवायला वाढलं. बोलली नाही. त्यानं कोणाची तरी बैलगाडी धरली आणि पुन्हा कपाशी न्यायला लागला. पण आता तो गाडीत बसत नाही. कासरा हातात धरून बैलांच्या शेजारून चालतो, जळगावपर्यंत आणि परत. लोक हसतात.

यंदाच्या पोळ्याच्या आधी एक दिवस तो माझ्या दुकानापुढं थांबला. ओट्यावर चढला नाही, खालूनच विचारलं. "भाऊ, तुम्ही तिले सांगलं व्हतं ना?"

माझ्या पायाखाली मशीन चालू होतं. मी म्हटलं, "हो. केव्हाच."

"मंग ठीक," तो म्हणाला. "मले वाटे, तिले ठाऊक नही म्हनून ती अशी. ठाऊक असूनबी माफ नही करत, तं तिचंबी बरोबर हाये." आणि बैलांच्या मानेवर हात ठेवून जळगावकडे चालू लागला.

मशीन मी पुढं पाच मिनिटं चालवलं असेल. खाली कापड नव्हतं. मग दुकान तसंच उघडं टाकून तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर सरकी निवडत होती. शेजारणी होत्या, असू द्या म्हटलं. मी सगळं सांगितलं. तांब्या, माझा हात, टॉवेल, नाना, कोर्ट, तुरुंगातला निरोप. रडलोही. मला वाटलं होतं ती माझ्यावर धावून येईल, मला तेच पाहिजे होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"तांब्याले हात तुमचा व्हता, तं तोंड त्याचं व्हतं," ती म्हणाली. "आन त्यानं घेतली व्हती. अक्का त्याच्या हातून गेली, ते मी त्याले सोडनार नही. पन चार वर्सं मी त्या मानसासंगे एक शब्द बोलली नही. दोन वर्सं तो तिथं गजाआड माही वाट पाहत बसला, आन दोन वर्सं माह्या घरात. ते तुमचं हाये, रुपचंदभाऊ. ते त्याच्यावर टाकू नका."

ती उठली, हात पदराला पुसले, डोक्यावर पदर घेतला. भर दुपार होती, झिपरूची गाडी जळगावहून परत यायला संध्याकाळ होणार होती. मला ओट्यावर तसंच सोडून ती घराबाहेर पडली आणि जळगावच्या रस्त्याला लागली.